समुद्राकाठी अडवलेलं पाणी

पाट मी अडवला होता.

एवढंसं वाक्य. ते मला त्याच संध्याकाळी म्हणता आलं असतं, पण त्याला अख्खी सहल लागली. मधल्या काळात मी समुद्र पाहिला, किनाऱ्यावरची बाग पाहिली, कातळावरच्या पायवाटा तुडवल्या, वाट्यांवर वाट्या आमरस खाल्ला, आणि प्रत्येक ठिकाणी ते न म्हटलेलं वाक्य सोबत घेऊन फिरलो. म्हणून ज्यांना कोकण बघायला जायचं आहे त्यांनी हे वर्णन जरा जपून वाचावं. यातला समुद्र अपराधी माणसानं पाहिलेला आहे, आणि अपराधी माणसाला समुद्रही आपल्याकडेच बघतोय असं वाटत राहतं.

मी उदगीरचा. कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि आमच्या उदगीरला नवा जिल्हा येणार अशी बातमी येत होती. दोन्हींची वाट आम्ही सारख्याच श्रद्धेनं पाहत होतो. फरक इतकाच की रेल्वे खरोखर यायची. जिल्ह्याच्या मागणीसाठी जी समिती होती तिचा मी सभासद होतो, आणि पाणी वाचवा म्हणून जी दुसरी समिती होती तिचाही. घरी आंघोळ घमेल्यात बसून करायची, तेच पाणी फरशीला, फरशीचं संडासाला, हा नियम मीच घातला होता. बायको सुनीता तो पाळत होती आणि वर टँकरच्या रांगेतही तीच उभी राहत होती. मी त्या वेळी सभेत असायचो.

तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच काही मागितलं. "चार दिवस मला हंडा दिसू नये, असं कुठंतरी न्या."

ओळखीच्या एका शिक्षकानं गुहागरच्या बाजूचं एक गाव सुचवलं. नाव लिहीत नाही. पुढं वाचलंत की कारण कळेल. मी, सुनीता, दहावीची परीक्षा देऊन बसलेली प्राची आणि माय असे निघालो. टँकर आला तर घरी कुणीतरी पाहिजे म्हणून धाकटा भाऊ मागं राहिला. निघताना सुनीतानं अट घातली, "तिथं पाण्यावर भाषण करायचं न्हाई. जिल्ह्यावर बी न्हाई."

मी कबूल केलं. कबूल करणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

सुपारीच्या सावलीत

ज्यांच्याकडे उतरलो त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. उतरत्या कौलांचं घर, मागं सुपारी-नारळाची वाडी, आणि घराच्या कडेनं डोंगरातल्या झऱ्याचं पाणी घेऊन येणारा दगडी पाट. पाट एका भल्या मोठ्या डोणीत पडायचा. डोण म्हणजे एकाच दगडातून कोरलेलं टाकं. डोण भरली की पाणी खाचेतून पुढं निघून जायचं. कुणी बघत नव्हतं, कुणी भरत नव्हतं. ते आपलं वाहत होतं.

"या या. पाय धुवून घ्या आधी," आप्पा म्हणाले.

आम्ही चौघांनी एका तांब्यात पाय धुतले. उदगीरात याला शिस्त म्हणतात. आप्पा थोडा वेळ आमच्या पायांकडे बघत राहिले.

मग जीपच्या टपावरून मायनं आणवलेले दोन मोठे कॅन उतरले. आप्पांनी विचारलं, "हे काय हो आजी, तूप आणलंत की काय?"

"पानी हाय," माय म्हणाली. "परक्याच्या गावात कुनाच्या पान्यावर भार कशाला?"

आप्पांच्या मागं डोण भरून वाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं अंगणातलं घमेलं मागून घेतलं, त्यात बसून आंघोळ केली, आणि ते पाणी दोन्ही हातांनी उचलून जास्वंदीला घातलं. आप्पांची मुलगी मुग्धा हे बघत होती. वीस-बावीस वर्षांची, महिनाअखेरीला लग्न ठरलेली. तिनं हळूच सुनीताला विचारलं, "आजींचं काही व्रत आहे का हो?"

"व्रत न्हाई," सुनीता म्हणाली, "लातूर जिल्हा आहे."

पण मी आदल्या संध्याकाळचं सांगायचं विसरलो, आणि ते विसरून चालणार नाही. ओटीवर बसलो होतो. आतून कोकमाचं सरबत आलं. मी पाटाकडे टक लावून बघतोय हे पाहून आप्पा म्हणाले, "हा पाट म्हणजे काय सर, आमच्याकडे याचे वार—"

"पाटावरून आठवलं," मी म्हणालो.

आणि सुरू झालो. आमचा पाटबंधारे विभाग, आमचा दुष्काळ, नवा जिल्हा झाला की येणारी स्वतंत्र कार्यालयं, त्यातून येणारं पाणी. सुनीता आत निघून गेली. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "आमचाही जिल्हा फुटला होता हो. सिंधुदुर्ग वेगळा झाला. पाट मात्र जिथं होता तिथंच राहिला." मग जांभई देऊन झोपायला गेले.

पाटाचे वार म्हणजे काय, ते त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझी चूक कुठून सुरू झाली असं कुणी विचारलं तर मी त्या सरबताच्या पेल्याकडे बोट दाखवीन.

सागरी उद्यान

सोमवारी सकाळी आम्ही चौघं गावच्या सागरी उद्यानात गेलो. ग्रामपंचायतीनं सुरूच्या बनात जांभ्या दगडाची वाट घातली आहे, सिमेंटची बाकं ठेवली आहेत, आणि सिमेंटचाच एक डॉल्फिन. त्याच्या तोंडातून कारंजं उडायचं होतं. ते कधीच उडालं नाही, पण डॉल्फिननं तोंड अजून मिटलेलं नाही. मला तो आमच्या जिल्ह्याच्या समितीचा सभासद वाटला.

आमच्याकडच्या बागेत माणसं सावलीला जातात. इथं बागेत गेलेली माणसं बागेकडे पाठ करून बसतात, कारण समोर समुद्र आहे. माय वाळूत उतरली, लुगडं सावरून उभी राहिली आणि बराच वेळ बघून म्हणाली, "ह्येला मालक कोन हाय?"

"कुणीच न्हाई, आजी," प्राची म्हणाली.

"मंग येवढं सांभाळतंय कोन?"

तेवढ्यात एक लाट आली आणि मायची एक चप्पल घेऊन गेली. प्राची ओरडली, सुनीता पळाली. पुढच्या लाटेनं चप्पल परत आणून टाकली. माय म्हणाली, "चांगल्या घरचा दिसतोय."

बागेच्या कोपऱ्यात एक नळ ठिबकत होता. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. टँकरचा पाइप गळत नाही असं उदगीरात होत नाही, म्हणून आमच्याकडे घरोघरी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवतात. पट्टी ताणून गुंडाळायची, शेवटी उलटा फास मारायचा, थेंब बंद. फास मारायला मायनं शिकवलं. माझ्या शबनम पिशवीत अशा दोन-तीन पट्ट्या कायम असतात. सुट्टीवरही होत्या. मी एक काढून नळाला बांधली.

झाडांना पाणी घालणारे एक गृहस्थ लांबून म्हणाले, "राहू द्या हो तो. चिमण्या पितात."

नळाखाली खरंच एक खोलगट दगड होता, आणि काठावर दोन चिमण्या. तोवर फास बसला होता. सुनीतानं माझ्याकडं पाहिलं. मी चिमण्यांची मनातल्या मनात क्षमा मागितली. अशी क्षमा मी दिवसातून कितीदा तरी मागत असतो: उसाच्या वतीनं, बोअरवेलच्या वतीनं, सरकारच्या वतीनं. पट्टी मात्र सोडली नाही. ती शेवटी प्राचीनं सोडली.

दुपार

जेवणात कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, भात, आंबा. मायनं सोबत आणलेली शेंगदाण्याची चटणी आप्पांनी चाखली आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. "जहाल आहे हो आजी," ते म्हणाले, आणि पुन्हा घेतली. मग सगळं घर झोपलं. कोकणात दुपारी झोपतात. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात दुपारी टँकर यायचा, म्हणून मला झोपायची सवय राहिली नव्हती.

मी वाडीत गेलो. आप्पांच्या सुपाऱ्यांची आळी कोरडी होती. आणि तिकडं पाटाचं सगळं पाणी डोणीतून भरून, खाचेतून निघून, कुंपणाखालून पलीकडं पळत होतं. कुंपणापलीकडं काय आहे ते बघायला चार पावलं चालावं लागलं असतं. मी चाललो नाही. उतार समुद्राकडं होता, म्हणजे पाणी समुद्रात. अकरावीच्या मुलालाही कळेल.

माझ्या डोळ्यांपुढं लातूरची रांग आली. खरं सांगतो, छाती भरून आली. मी जांभ्याची एक चपटी चीप उचलली, खाचेवर बसवली, शेजारी पडलेली गोणी गुंडाळून फटीत दाबली आणि ट्यूबच्या पट्टीनं आवळली. उलटा फास. पाणी थांबलं. पलीकडचा खळखळाट बंद झाला. एवढी शांतता मी कधी केली नव्हती. मी जाऊन आडवा झालो आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा दुपारी झोपलो.

जाग आली ती आवाजानं.

अंगणात एक बाई उभ्या होत्या. रबरी चपला, कमरेला खोचलेली कोयती. आप्पांच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको, सुमनकाकू. कुंपणापलीकडची वाडी त्यांची.

"भावोजी, शिमग्याला पालखीपुढं काय बोललात? माझ्या वारी थेंब घेणार नाही म्हणालात ना?"

"नाही घेतला," आप्पा म्हणाले.

"मग सोमवारचं माझं पाणी काय उडून गेलं? मोगऱ्याचे वाफे तडकलेत माझे!"

सगळे डोणीपाशी गेले. मीही गेलो. माझी चीप, माझी गोणी, माझा फास. आणि पाणी? ते अडून राहिलं नव्हतं. ते मागं तुंबलं होतं, वरच्या सांडव्यावरून शेजारच्या वहाळात, म्हणजे ओढ्यात, उतरलं होतं आणि तिथून सरळ समुद्राला. जे पाणी समुद्रात जात नव्हतं ते मी दुपारभर समुद्रात घातलं होतं.

आप्पांनी गोणी उपसली. पाणी खळकन पुढं गेलं. "हे मी केलेलं नाही, सुमन."

"तुमच्या आवारात, तुमच्या डोणीला, आणि तुम्ही नाही?"

"मग तुझ्याच गड्यानं केलं असेल. माझ्या नावावर खपवायला."

ते बोलायला नको होतं. काकूंचा चेहरा दगड झाला. त्या मुग्धाकडं वळल्या. "मुग्धे, गुरुवारचं केळवण माझ्याकडे नाही गो. लग्नाला येते की नाही ते तेव्हाच्या तेव्हा बघू."

आणि गेल्या. मी तिथंच होतो. हातात चहा होता, चहा फार गरम होता. ही सबब नाही, नुसती माहिती आहे.

आप्पा माझ्यापाशी आले. म्हणाले, "तुम्ही पाहुणे. तुमच्यासमोर असा तमाशा झाला. माफ करा हो सर."

मी म्हणालो, "असू द्या."

मी त्यांना माफ केलं.

कातळावरची वाट

दुसऱ्या दिवशी मुग्धा आम्हाला कड्यावरच्या पायवाटेनं घेऊन गेली. घरात बसवत नव्हतं तिला. वाट करवंदीतून वर चढते आणि मग एकदम काळ्या कातळाचं पठार लागतं. एका बाजूला खोल खाली समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळलेलं गवत, आणि वर काहीच नाही. या एका जागी मला आमच्याकडचं माळरान आठवलं. फक्त आमच्या माळाला कड नाही. तिथं चुकलेला माणूस चालतच राहतो.

प्राचीनं करवंदं ओढणीत गोळा केली. मुग्धा चालता चालता सांगत होती. पाटाचे वार वाटलेले आहेत. सोमवार आणि शुक्रवार काकूंचा, बाकीचे आप्पांचे. यावरूनच दोन्ही घरांत कोर्टकचेरी झाली, काका गेले तेव्हाही बोलणं नव्हतं. ती लहानपणी कुंपणावरून काकूकडं आंबे टाकायची आणि पलीकडून चिंचेच्या गोळ्या यायच्या. तेवढाच व्यवहार. यंदा तिचं लग्न ठरलं तसं शिमग्यात आप्पांनी पालखीपुढं नारळ ठेवून शब्द दिला, आणि काकू म्हणाल्या, पोरीचं पहिलं केळवण माझ्याकडं, लग्नाची सगळी फुलं माझ्या वाफ्यातली.

"काकूचा वार काल तिन्हीसांजेला संपला, आता पाणी शुक्रवारी," मुग्धा म्हणाली. "कळ्या गळतील हो. कळ्यांचं काही नाही. विकत आणू. पण काकू नाही आली, तर बाबा मेले तरी तिला बोलवायला जायचे नाहीत. मग मी पुन्हा कुंपणावरून आंबे टाकायचे का?"

मला बोलायचंच होतं. घसा खाकरून मी म्हणालो, "मुग्धाताई, चूक कुणाकडूनही होते. समाज म्हणून पाण्याच्या बाबतीत आपण सगळेच अपराधी आहोत."

"हो सर," ती म्हणाली. "पण ज्यानं गोणी लावली त्यानं नुसतं येऊन सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

सगळ्यांचा अपराध मी एका दमात कबूल केला होता. त्यातून माझा तेवढा गाळला होता.

पठाराच्या टोकाला एक वाडी आहे. तिथं बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. खाली बारमाही झरा आणि वर कातळावर मे महिन्यात टँकर. कोकण म्हणजे हेही आहे. सुनीता थांबली. एका बाईला हंडा डोक्यावर चढत नव्हता. सुनीतानं पुढं होऊन हात दिला, पदर नीट केला आणि परत येऊन मला म्हणाली, "झालं. दिसला हंडा."

मी म्हणालो, "माफ कर."

"ह्येची कशाला मागताय?" ती म्हणाली आणि पुढं चालू लागली. 'ह्येची' वर दिलेला जोर मला उतरताना संपूर्ण वाटभर ऐकू येत होता.

घरी परतलो तर ओटीवरच्या खुंटीला ती ट्यूबची पट्टी टांगलेली. आप्पांनी पुरावा म्हणून जपून ठेवली होती. "ही वस्तू आमच्या गावातली नाही," ते येईल त्याला दाखवत होते. माय ओटीवर पाय पसरून बसली होती. मी जवळून जाताना ती समोर बघतच पुटपुटली, "दत्त्या, ती पट्टी वळखीची वाटायली. फास बी."

"माय, हळू."

"मी हळूच बोलायले. तू लईच हळू बोलायलास."

घळ

बुधवारी किनाऱ्यानं खडकांतून चालत एका घळीशी गेलो. काळ्या खडकात चिरत गेलेली अरुंद भेग. भरतीच्या वेळी लाट आत घुसते आणि तिला पुढं वाट नसली की एकदम उंच उसळते. पहिल्यांदा काहीच होत नाही, माणूस पुढं सरकतो, आणि मग होतं. मी पुढं सरकलेला होतो. नखशिखान्त भिजलो, चष्मा खडकात गेला. प्राची पोट धरून हसत चष्मा शोधायला गेली.

सुनीतानं पदर पुढं केला. मी तोंड पुसत असताना म्हणाली, "सोमवारीच कळलं मला. फास बघितला की."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर तुम्ही माझी माफी मागून मोकळे झाला असता."

लाट पुन्हा आत शिरत होती. मी म्हणालो, "आज सांगतो. पण नीट सांगायला पाहिजे. आपल्याकडची परिस्थिती आधी समजली तर त्यांना..."

"अहो, तुम्ही माफी मागणार का प्रस्तावना वाचणार?" ती म्हणाली. "उद्या केळवण होतं त्या पोरीचं. मी तिच्यासाठी माझी कोरी इरकल काढून ठेवलीये. ती कुठं नेसायची तिनं?"

पाटापाशी

पुढचं आधी सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा उगाच टांगून राहील. केळवण झालं. सुमनकाकूंच्या माजघरात झालं, मुग्धा इरकल नेसली, आप्पा कुंपण ओलांडून नव्हे तर रस्त्यानं वळसा घालून, पाहुण्यासारखे आले आणि पंगतीला बसले. पहिला मोदक काकूंनी त्यांच्या पानात वाढला तेव्हा दोघंही मोदकाकडंच बघत होते. मायनं मुग्धाची ओटी भरली आणि विचारलं, "नवऱ्याच्या गावी पानी हाय का गं?" तिच्या दृष्टीनं स्थळाची एवढीच चौकशी करायची असते. मोगरा जगला, लग्नाला फुलं काकूंच्याच वाफ्यातली होती, असं मुग्धानं नंतर फोनवर सांगितलं.

काकूंनी मला "असू द्या" म्हटलं नाही. त्या "कळशी घ्या" म्हणाल्या. आप्पांनी आपल्या वाराचं पाणी तिकडं सोडलंच, पण ते वरच्या वाफ्यांना चढत नव्हतं. तिथं मी अंधार पडेपर्यंत विहिरीवरून कळशीनं पाणी घातलं. सुनीता काकूंच्या पायरीवर पाय सोडून बसली होती आणि बघत होती. मदतीला उठली नाही. त्या सहलीतली तिची खरी सुट्टी तेवढीच झाली असावी. परत आल्यावर टँकरच्या रांगेत आता मी उभा राहतो. सभेचा वृत्तान्त लिहिणारे गृहस्थ म्हणतात, तुमची उणीव भासते. जिल्हा अजून झालेला नाही, पण तो माझ्यामुळं अडलाय असं मला वाटत नाही, आणि माझ्या स्वभावात एवढी सुधारणा पुष्कळ झाली.

हे सगळं ज्यामुळं झालं ते मी शेवटी ठेवलं, कारण ते फार लहान आहे.

बुधवारी घळीवरून परतलो तो ओल्याच कपड्यांनी आधी ओटीवर गेलो, खुंटीवरची पट्टी काढली आणि काकूंच्या वाडीत शिरलो. मागं सुनीता. काकू विहिरीवरून कळशी आणून मोगऱ्याच्या एकेका बुंध्याशी ओतत होत्या. वाकताना कमरेवर हात ठेवत होत्या. मी म्हणालो, "काकू, जरा बोलायचं होतं. आमच्याकडे लातूर जिल्ह्यात..."

"चहा हवा तर भावोजींकडे मिळेल," त्या न बघता म्हणाल्या.

"चहा नाही. पाण्याबद्दल."

काकूंनी कळशी खाली ठेवली. "मग इथं नको. पाण्याचं बोलणं आमच्यात दोघांसमोर होतं."

त्या कुंपणाशी गेल्या आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पलीकडं हाक मारली. आप्पा आले. मुग्धा आली. माय ओटीवरून उतरून काठी टेकत आली. पाटाच्या अलीकडं एक घर, पलीकडं एक, आणि मधे मी, एक पाय या काठावर, एक त्या. डोणीतून पाणी पडत होतं. अंगातून समुद्र निथळत होता.

मी सुरुवात केली, "बहात्तरच्या दुष्काळापासून आमच्या भागात..."

सुनीता खोकली.

"आरं, मुळावर ये," माय म्हणाली.

मग मी पट्टी सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"ही माझी आहे. पाट मी अडवला. पलीकडं काय आहे ते बघितलं नाही, आप्पा सांगत होते ते ऐकलं नाही, आणि तुम्ही दोघं भांडत होतात तेव्हा चहा पीत उभा राहिलो. आप्पांनी काही केलं नाही, काकू. तुमच्या गड्यानंही नाही. मी चुकलो. मला माफ करा."